शिस्तीच्या नावाखाली

२० ऑक्टोबर २००६. पश्चिम दिल्लीतील हरिनगर पोलीस ठाण्याचा फोन सकाळीच खणखणला. तिहार तुरुंगाच्या ३ नंबरच्या फाटकाबाहेर प्रेत टाकले आहे, असे पलीकडचा माणूस सांगत होता. पोलीस धावले. तेथे एका तरुणाचे शिर नसलेले धड पडले होते. सोबत एक चिठ्ठी होती. तीत पोलिसांना शिवीगाळ होती आणि हिंमत असेल तर पकडून दाखवा, असे आव्हानही!

पुढे २५ एप्रिल आणि १८ मे २००७ रोजी पुन्हा तोच प्रकार घडला. आता मात्र दिल्ली हादरली. त्यानंतर काही दिवसांतच पोलिसांनी चंद्रकांत झा याला पकडले. भाजी विकणारा, घरी बायको आणि पाच मुली असलेला हा माणूस शेजाऱ्यांना चारचौघांसारखाच वाटत होता.

मायेविना बालपण

चंद्रकांतचा जन्म १९६७ सालचा, बिहारच्या मधेपुरा जिल्ह्यातील घोसई गावचा. आई करड्या स्वभावाची होती, मुलांकडे पाहायला तिला सवड नव्हती, असे सांगितले जाते. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. पुढे पोट भरण्यासाठी त्याने दिल्ली गाठली आणि आझादपूरच्या भाजी मंडईच्या आसऱ्याने तो राहिला.

१९९८ मध्ये एका खुनाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पुराव्याअभावी तो २००२ मध्ये सुटला. तुरुंगात एका हवालदाराने आपला छळ केला, पोलिसांनी आपल्याला खोट्या गुन्ह्यांत गोवले, असे तो म्हणत असे. प्रेते तिहारच्याच दारात का टाकली, याचे उत्तर या रागात सापडते.

पण त्याच्या हातून मेले ते कोणी पोलीस नव्हते. बिहार आणि उत्तर प्रदेशातून कामाच्या शोधात आलेली, त्याच्यासारखीच गरीब मुले होती ती. चंद्रकांत त्यांना काम मिळवून देई, जेवू घाली, आपल्या खोलीवर ठेवून घेई. दिल्लीसारख्या परक्या शहरात त्यांना जणू वडीलधारा माणूसच भेटे. मात्र या मायेला एक अट होती. ऐकायचे! खोटे बोलणे, दारू, सिगारेट, मांसाहार त्याला खपत नसे. अशा क्षुल्लक कारणावरून तो संतापे. शिक्षा करतो म्हणून तो मुलाचे हात बांधी आणि मग गळा आवळी. नंतर प्रेताचे तुकडे करून ते गाडीवरून नेऊन टाकी.

फाशी टळली

रोहिणी न्यायालयात त्याच्यावर तीन खून शाबीत झाले. २०१३ मध्ये त्याला दोन खटल्यांत फाशीची आणि एकात मरेपर्यंत जन्मठेपेची शिक्षा झाली. जानेवारी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि सुटकेची सवलत नसलेली जन्मठेप ठोठावली. २०२३ मध्ये तो ९० दिवसांच्या पॅरोलवर बाहेर आला, तो परतलाच नाही. पोलिसांनी ५० हजारांचे इनाम लावले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर तो पुन्हा हाती लागला.

बालपणी माया न मिळालेली असंख्य मुले कष्टाने मोठी होतात, चांगला संसार करतात. त्यामुळे आईच्या करडेपणावर या खुनांचे खापर फोडता येणार नाही. परंतु ज्याला धाकाखेरीज दुसरी भाषा माहीत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचे पोर सापडले तर काय होते, हे या प्रकरणात दिसते.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. पहिले प्रेत सापडल्यावर ते कोणाचे, हे कळायलाच महिने लागले. दिल्लीत मुलगा हरवल्याची तक्रार करायला त्या गरिबांचे कोण होते? खुनी इतकी वर्षे मोकळा राहिला, तो केवळ त्याच्या चतुराईने नव्हे. त्याने निवडलेली मुले अशी होती की, ती दिसेनाशी झाली तरी शहरात कोणी विचारत नव्हते. कामासाठी परगावी गेलेल्या पोराची आठवड्याला एकदा खुशाली विचारणे, तो कोणाकडे राहतो याची चौकशी करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.