एकही चिरा न देता झाली ओळख: कसा आहे 'सम्राट' डम्बो ऑक्टोपस?

डोक्याच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारखे पंख आणि छत्रीसारखं उघडझाप करणारं शरीर. डम्बो ऑक्टोपसचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. उडणाऱ्या हत्तीच्या पिल्लावरच्या डिस्नेच्या 1941 सालच्या 'डम्बो' चित्रपटावरून त्याला हे नाव पडलं. एप्रिल 2021 मध्ये या कुटुंबात एका नव्या प्रजातीची भर पडली: ग्रिम्पोट्युथिस इम्पेरेटर.

तो सापडला कुठे?

2016 च्या उन्हाळ्यात 'सोन' हे जर्मन संशोधन जहाज उत्तर पॅसिफिक महासागरात गेलं होतं. तिथे 'एम्परर सीमाउंट्स' नावाची समुद्राखालची डोंगररांग आहे. समुद्रतळावरचे नमुने गोळा करताना सुमारे 4,000 मीटर खोलीवरून हा ऑक्टोपस अनपेक्षितपणे वर आला. या रांगेतल्या अनेक पर्वतांना जपानच्या सम्राटांची नावं आहेत. म्हणून प्रजातीचं नावही 'इम्पेरेटर', म्हणजे लॅटिनमध्ये 'सम्राट'.

दिसतो कसा?

सापडलेला प्राणी प्रौढ नर होता, लांबी साधारण 30 सेंटीमीटर. शरीर जेलीसारखं मऊ. आठ हात एका पातळ पडद्याने जोडलेले, त्यामुळे ते पसरले की छत्री उघडल्यासारखं दिसतं. प्रत्येक हातावर चूषकांची एकच रांग आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक मऊ तंतू असतात.

'कान' म्हणजे खरंतर पोहण्याचे पंख. त्यांना आधार देणारं इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचं छोटं कवच शरीराच्या आत दडलेलं असतं. आणि हो, शाईची पिशवी नाही! जिथे सूर्यप्रकाशच पोहोचत नाही, तिथे शाई सोडून शत्रूला चकवण्याचा फारसा उपयोग नसतो.

मग अडचण काय होती?

डम्बो ऑक्टोपस बाहेरून एकमेकांसारखेच दिसतात. प्रजाती वेगळी आहे हे सिद्ध करायचं तर चोच, कवच, कल्ले, पचनसंस्था असे आतले अवयव तपासावे लागतात. त्यासाठी प्राणी कापण्याचीच पद्धत होती. पण हातात नमुना एकच. तो कापला की पुढच्या संशोधकांना पडताळणीसाठी अखंड प्राणी उरणारच नाही.

उपाय काय काढला?

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे अलेक्झांडर झीग्लर आणि क्रिस्टीना सॅगॉर्नी यांनी दवाखान्यातलीच युक्ती वापरली. आपल्या मेंदूचा काढतात तसा ऑक्टोपसचा एमआरआय काढला. त्यात मज्जासंस्था, कल्ले, पचनसंस्था असे मऊ अवयव दिसले. चोच आणि कवचासारख्या कठीण भागांसाठी मायक्रो सीटी स्कॅन केला. डीएनए तपासणीपुरता ऊतीचा छोटासा तुकडा तेवढा घेतला. या सगळ्यातून आतल्या अवयवांचं त्रिमितीय चित्र तयार झालं आणि ही प्रजाती वेगळी असल्याचं स्पष्ट झालं. हे संशोधन 'बीएमसी बायोलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

याचं महत्त्व काय?

नव्या प्रजातीला नाव देताना ज्या नमुन्यावरून वर्णन केलं, तो संग्रहालयात जपून ठेवला जातो. पुढे शंका आली, तर निवाडा त्याच्याकडे पाहूनच होतो. हा 'सम्राट' आज बर्लिनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात जवळपास अखंड आहे.

डम्बो ऑक्टोपस फार खोलवर राहतात. हिंदी महासागरातल्या जावा गर्तेत तर एक डम्बो तब्बल 6,957 मीटरवर कॅमेऱ्यात टिपला गेला आहे. इतक्या खोलीवरचा प्राणी हाती लागणं हा नशिबाचाच भाग. दुसरा नमुना कधी मिळेल, याचा भरवसा नाही. एखादी मादी सापडली, तर तिची तुलना करायला हा पहिला नर अजून शाबूत आहे. तो कापला असता, तर ही सोय राहिली नसती.