हसवणाऱ्याचे घर

मुलांनो, ढगळ पँट, अंगाला तंग होणारा कोट, डोक्यावर छोटी काळी टोपी, हातात वेताची काठी आणि पायांत मापापेक्षा मोठे बूट. नाकाखाली चिमूटभर मिशी. अशा माणसाचे चित्र तुम्ही कुठेतरी नक्कीच पाहिले असेल. त्याचे नाव चार्ली चॅप्लिन. हा वेष घालून तो १९१४ साली प्रथम पडद्यावर आला, तेव्हा चित्रपट मुके होते. त्यामुळे त्याचा चित्रपट समजायला इंग्रजी यावे लागत नसे. उर्दू बोलणारा काय, मराठी बोलणारा काय, सगळे एकाच प्रसंगाला हसत. आपल्याकडे राज कपूर यांनी 'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटांत जो भोळा, फाटका भटक्या रंगवला, त्याच्यावरही चॅप्लिनची छाप आहे.

या चॅप्लिनचे एक संग्रहालय स्वित्झर्लंडमध्ये आहे. संग्रहालयाला उर्दूत तुम्ही अजायबघर म्हणता. जिनिव्हा शहरातून रेल्वेने निघाले की सरोवराच्या काठाकाठाने सुमारे तासाभरात व्हेवे हे गाव येते. तेथून थोडे चढावर कोर्सिए नावाचे खेडे आहे. तेथे मोठ्या बागेत एक पांढरा वाडा उभा आहे. चॅप्लिन आयुष्याची शेवटची वर्षे याच वाड्यात राहिला. एप्रिल २०१६ मध्ये हा वाडा सर्वांसाठी खुला झाला. कल्पना निघाल्यापासून दारे उघडेपर्यंत सुमारे सोळा वर्षे गेली.

संग्रहालयाचे दोन भाग आहेत. एक हा वाडा आणि दुसरा त्याच्याजवळ नव्याने बांधलेला स्टुडिओ. स्टुडिओत आधी तुम्हांला एका लहानशा चित्रपटगृहात बसवतात. चॅप्लिनवरची एक छोटी फिल्म दाखवतात. ती संपली की पडदा वर जातो आणि पाहतो तर काय, पडद्यामागे एक अख्खा रस्ता! गरीब वस्तीतली घरे, दारे, दिवे. आपण उठायचे आणि सरळ त्या रस्त्यात शिरायचे.

हा रस्ता अर्थातच खोटा आहे, चित्रपटातल्यासारखा बांधलेला. पण तसल्या वस्तीतले चॅप्लिनचे बालपण खरे होते. १८८९ साली लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही रंगभूमीवर गाणारे. वडील दारूच्या आहारी गेले आणि घरापासून दूर राहू लागले. आई गाऊन दोन मुलांना पोसत होती. चार्ली पाच वर्षांचा असताना एका कार्यक्रमात तिचा आवाज अचानक बसला. लोक ओरडू लागले. तेव्हा तिच्याऐवजी छोट्या चार्लीला मंचावर उभे केले. तो गाऊ लागला. लोकांनी पैसे फेकले. त्याबरोबर त्याने गाणे थांबवले आणि सांगितले, 'आधी पैसे गोळा करतो, मग गातो.' सारे सभागृह हसू लागले. त्या रात्री आईचे गाणे मात्र कायमचे संपले.

पुढे शिवणकाम करूनही तिचे भागेना. १८९६ साली सात वर्षांच्या चार्लीला आई आणि भावासह सरकारी अनाथालयासारख्या 'वर्कहाउस'मध्ये जावे लागले. तेथे आईला वेगळे ठेवत आणि मुलांना वेगळे. एकदा आईने युक्ती केली. आम्ही येथून जातो, असे सांगून तिने तिघांची सुटका करून घेतली. थोरला भाऊ सिडनी याच्याजवळ साठवलेले नऊ पेन्स होते. त्यांनी चेरीची फळे घेतली, बागेत बसले, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून खेळले. उरलेल्या पैशांत चहा प्यायले. आणि संध्याकाळी तिघेही पुन्हा वर्कहाउसच्या दारात हजर! तेथील लोक चिडले, पण मुलांना आईबरोबर एक दिवस मिळाला होता. चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रात हे सांगितले आहे.

हे ठाऊक असले की स्टुडिओतल्या वस्तू वेगळ्या दिसू लागतात. 'द किड' (१९२१) या चित्रपटात एका अनाथ मुलाला सरकारी माणसे गाडीत घालून नेतात आणि चार्ली घरांच्या छपरांवरून धावत त्याला सोडवतो. आपण हसता हसता गप्प होतो. 'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये भूक लागलेला चार्ली आपला बूट शिजवून खातो. तो बूट ज्येष्ठमधाचा, म्हणजे मुलेठीचा केलेला होता. बुटाचे खिळे तो हाडे चोखावीत तसे चोखतो! याच चित्रपटातली कड्यावर कललेली झोपडीही तेथे उभी केली आहे. थोडे पुढे 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मधली प्रचंड दातेरी चाके आहेत. त्यांत आडवे होऊन लोक फोटो काढून घेतात.

यंत्रांचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले होते. तेथे चॅप्लिन त्यांना भेटला. गांधीजींनी त्याचे चित्रपट पाहिले नव्हते. 'तुमचा यंत्रांना विरोध का?' असे त्याने विचारले आणि गांधीजींनी आपली बाजू त्याला समजावून सांगितली.

संग्रहालयात मेणाचे तीसहून अधिक पुतळे आहेत. त्यांच्याभोवती गर्दी असते. पण मला विचाराल तर तेथे फार वेळ घालवू नये. वाड्याकडे जावे. तेथे बैठकीची खोली आहे, पुस्तके आहेत, कुटुंबाची छायाचित्रे आहेत. खिडकीतून बाग आणि पलीकडचे डोंगर दिसतात. पत्नी ऊना आणि आठ मुले असा चॅप्लिनचा मोठा संसार होता.

इतका मोठा नट येथे, या खेड्यात का आला? तो अमेरिकेत चाळीस वर्षे राहिला, पण त्याने तेथील नागरिकत्व घेतले नव्हते. तो साम्यवादी आहे, असा काहींना संशय होता. सप्टेंबर १९५२ मध्ये 'लाइमलाइट' या चित्रपटासाठी तो बोटीने लंडनला निघाला. बोट समुद्रात असतानाच बातमी आली की, त्याचा परत येण्याचा परवाना रद्द झाला आहे. परत यायचे असेल तर चौकशीला तोंड द्यावे लागणार होते. तो परतलाच नाही. १९५३ च्या जानेवारीत त्याने या वाड्यात बिऱ्हाड मांडले. पुढे १९७२ साली अमेरिकेने त्याला ऑस्कर देण्यासाठी बोलावले. ८२ वर्षांचा चॅप्लिन मंचावर आला तेव्हा लोक उभे राहिले आणि कित्येक मिनिटे टाळ्या वाजवत राहिले. त्याला नीट बोलताही येईना.

२५ डिसेंबर १९७७ रोजी याच वाड्यात त्याचे निधन झाले. कोर्सिएच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. संग्रहालय पाहून झाले की तेथेही जाता येते. या कबरीचीही एक गोष्ट आहे. १९७८ च्या मार्चमध्ये दोन चोरांनी रात्री त्याची शवपेटीच पळवली आणि घरच्यांकडे पैसे मागितले. ऊनाने एक पैसाही द्यायला नकार दिला. मे महिन्यात पोलिसांनी चोरांना पकडले. पेटी एका मक्याच्या शेतात पुरलेली सापडली. मग ती पुन्हा मूळ जागी ठेवून वर पक्के काँक्रीट घातले. १९९१ साली ऊनाही गेली. आता दोघांचे साधे दगड शेजारी शेजारी उभे आहेत.