डिझेल गाडीच्या टर्बोजवळील धुराची गळती व तिची घरगुती दुरुस्ती

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर ज्यांची शेती आहे, त्यांस घाट टाळतां येत नाहीं. मोगऱ्याच्या कळ्या दादरच्या बाजारास पोंचवावयाच्या असोत, भात गिरणीवर न्यावयाचें असो, कीं त्र्यंबकमार्गें नाशकाहून रोपें आणावयाचीं असोत, एका वाटेस उतार आणि दुसरीस चढ हा ठरलेलाच. बैलगाडीच्या दिवसांत चढावर बैल थकले कीं तें उघड दिसे. हल्लींची डिझेल गाडी थकते ती कां थकते, हें मात्र पुष्कळांस उमगत नाहीं. गाडी चढावर ओढत नाहीं, काळा धूर ओकते, डिझेल अधिक खाते, आणि मालक 'टर्बो गेला' एवढे दोन शब्द ऐकून खिन्न मनानें घरीं येतो. टर्बो खरोखरीच गेला असेल तर खर्च मोठाच आहे. परंतु टर्बो शाबूत असून त्याच्या आधींचा एखादा सांधाच फुंकत आहे, असेंही वारंवार घडतें. हा दोष ओळखणें, आणि कित्येक प्रसंगीं तो घरच्या घरीं दूर करणें, हातांत पाना धरतां येणाऱ्या शेतकऱ्यास अवघड नाहीं.

प्रथम टर्बो म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. इंजिनांत जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश उष्णता जळक्या वायूबरोबर सायलेन्सरवाटे फुकट जाते. या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्रानें इंजिनांत जास्त हवा कोंबावी, ही युक्ति स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरानें काढून १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. तोच आपला टर्बो. गाडी भरून चढावर असतां त्याचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्यांत शिरणारा वायु ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. धुराविषयींचे भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि भारत स्टेज सहाचे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल पिकपना व ट्रकांना बहुधा टर्बो असतोच.

आतां गळतीचा विचार करूं. पाटाच्या पाण्यावर चालणारी चक्की आहे असें समजा. पाट चक्कीच्या वरच्या अंगास फुटला तर चक्की मंदावेल. खालच्या अंगास फुटला तर चक्कीस कांहीं होणार नाहीं, शेजाऱ्याचें शेत भिजेल इतकेंच. टर्बोचेंही तसेंच आहे. इंजिन आणि टर्बो यांच्यामधील मॅनिफोल्डाचा सांधा फुटला तर चक्रास जोर कमी पडतो, हवा कमी येते, डिझेल अर्धवट जळून काळा धूर निघतो, आणि इंजिन नको तितकें तापतें. टर्बोच्या पुढील, म्हणजे सायलेन्सरकडील, सांधा फुटला तर ओढ फारशी कमी होत नाहीं; आवाज वाढतो आणि धूर गाडीखालीं पसरतो. याखेरीज तिसरी एक गळती आहे, ती धुराची नसून टर्बोनें दाबलेल्या हवेच्या रबरी नळ्यांची. तिच्यामुळेंही ओढ जाते व काळा धूर येतो. परंतु तेथें काजळी सांपडत नाहीं, नळीच्या तोंडाशीं तेलकट ओल दिसते, आणि आवाज टिकटिकीचा नसून सुस्काऱ्यासारखा येतो. या तिघींत भेद न करितां पाना हातीं घेणें म्हणजे बांध कोठें फुटला तें न पाहतां शेतभर माती टाकीत सुटणें होय.

आमच्याकडे हे सांधे लवकर कां सुटतात, याचेंही कारण आहे. ओतीव लोखंडाची अर्धा मीटर लांबीची वस्तु ५०० अंशांनीं तापली तर ती सुमारें अडीच ते तीन मि.मी. वाढते. मोखाड्याहून त्र्यंबककडे तोरंगणाचा घाट भरल्या गाडीनें चढतांना मॅनिफोल्ड असा तापतो, माथ्यावर चालक चहासाठीं इंजिन एकदम बंद करितो, आणि सर्व लोखंड घाईनें आकसतें. पावसाळ्यांत रस्त्यावरून वाहणारें ओहोळाचें थंड पाणी त्यावर उडालें तर विचारावयासच नको. अशा ताणानें स्टड लांबतात, नट ढिले होतात, आणि गॅस्केट जळून त्यास वाट पडते. घाट चढल्यावर एक-दोन मिनिटें इंजिन मंद चालूं देऊन मग बंद करावें. यांत डिझेल जातें तें अगदीं थोडें.

परीक्षा सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतां करावी. गाडी उघड्या जागेंत, सपाटीवर, चाकांस दगड लावून उभी करावी. बंद गोठ्यांत किंवा पडवींत इंजिन चालवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु दिसत नाहीं व त्यास वासही नसतो. दुसऱ्या कोणास इंजिन सुरू करावयास सांगून आपण कान द्यावा. थंड असतां सांध्यांतून टिक्-टिक् असा आवाज येतो आणि लोखंड तापून फुगलें कीं तो पुष्कळदां नाहींसा होतो. म्हणूनच गाडी मिस्त्र्याकडे पोंचेपर्यंत दोष लपून बसतो. इंजिन बंद करून निवल्यावर बॅटरीच्या उजेडांत सांध्यांभोंवतीं पाहावें. जेथें वायु फुंकत असेल तेथें काजळीचा पंख्यासारखा डाग उमटलेला असतो. एवढ्यानें समजलें नाहीं तर सायलेन्सरच्या तोंडांत ब्लोअरची हवा चिंध्या गुंडाळून सोडावी आणि सांध्यांवर साबणाचें पाणी कुंचल्यानें लावावें. फुटक्या जागीं बुडबुडे येतात. ही युक्ति थंड इंजिनावरच करावी.

गेल्या पावसाळ्यांत आमच्याच गाडीवर हा प्रसंग आला. एका गॅरेजांत टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. घरीं येऊन पाहतों तों मॅनिफोल्ड व टर्बो यांमधील चार नटांपैकीं एक पार नाहींसा झालेला, व त्याच बाजूस काजळीचा डाग. येथवर आमचें ठीक होतें. पुढें मात्र आम्हीं दोन चुका केल्या. पहिली, गंजलेला नट जोर लावून फिरविला व स्टड मोडला. दुसरी, नवें गॅस्केट मिळेपर्यंत म्हणून सांध्यांत लाल सिलिकोनचा लेप भरला. तो विक्रमगड येईपर्यंतही टिकला नाहीं. अशा लेपाचे सुटे तुकडे टर्बोच्या चक्रांत गेले असते तर चांगला टर्बो आमच्याच हातून मोडला असता.

म्हणून नट काढण्याच्या आदल्या रात्रीं त्यांवर गंज सोडविणारें तेल मारून ठेवावें. बॅटरीची वायर काढावी. षट्कोनी सॉकेट घ्यावें, कारण बारा कोनी सॉकेट गंजल्या नटाचीं टोकें गोल करितें. नट पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, पुन्हां सोडावा. असें करीत काढावा. स्टड मोडलाच तर ड्रिल घेऊन झटूं नये, वेल्डिंग जाणणाऱ्याकडून त्यावर नट जोडून तो काढवावा. सांधा उघडतांच टर्बोचें तोंड स्वच्छ फडक्यानें बंद करावें. आंत पडलेला तांदळाएवढा कणही चक्र फोडूं शकतो. दोन्ही तोंडें खरवडून साफ करावीं. गाडी फार जुनी असून गॅस्केट अस्बेस्टॉसचें वाटलें तर तें ओलें करूनच खरवडावें, त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. मग तोंडावर सरळ पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का तें पाहावें. वहीच्या कागदाची जाडी सुमारें एक दशांश मि.मी. असते, पट्टीखालीं तो कागद सहज सरकला तर तोंड वांकडें झालें आहे असें समजून लेथवाल्याकडून तें सपाट करून घ्यावें. वांकड्या तोंडावर घातलेलें नवें गॅस्केट पुन्हां जळतें.

गॅस्केट त्याच गाडीचें, पोलादी घ्यावें; कॉर्क, कागद किंवा रबर येथें क्षणभर टिकणार नाहीं. स्टड व नटही नवे आणि उष्णता सोसणारेच हवेत, साधे लोखंडी नकोत. नट तिरप्या जोडीनें, तीन हप्त्यांत आवळावे. मॅनिफोल्डाचे नट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावें. किती जोर लावावा हें कंपनीच्या पुस्तकांत दिलेलें असतें, त्यासाठीं टॉर्क पाना मागून आणावा पण अंदाज करूं नये. कांहीं गाड्यांत सायलेन्सरकडील सांध्यास व्ही आकाराचा पट्टा असतो. तो आवळतांना सभोंवार लांकडी हातोडीनें हळू ठोकीत जावें, म्हणजे तो सारखा बसतो.

कांहीं कामें मात्र घरीं करूं नयेत. मॅनिफोल्डास तडा गेला असेल तर साध्या वेल्डिंगनें तो पुन्हां तडकतो, नवाच घालावा. टर्बोचें चक्र हातानें हालवितां भोंवतालच्या भिंतीस घासत असेल, किंवा सायलेन्सरांतून निळा धूर व तेल येत असेल, तर दोष सांध्यांत नाहीं. भारत स्टेज सहाच्या गाडींतील धूर-गाळणी व तिच्या बारीक नळ्या-वायरी यांस हात लावूं नये. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो बेकायदा आहे. गाडी हमीच्या मुदतींत असल्यास आधीं विक्रेत्याकडे न्यावी.

आणि गळती सांपडली असतां ती दुरुस्त होईपर्यंत गाडीवर पेंढा लादूं नये, तसेंच मागें ताडपत्रीखालीं मजूर बसवूं नयेत. फुंकणारा वायु वायरी व रबरी नळ्या जाळतो, त्याच्या ज्वाळेजवळ वाळला पेंढा आला तर आग लागावयास वेळ लागत नाहीं, आणि केबिनमध्यें शिरलेल्या धुरानें चालकाचें डोकें जड होतें तें घाटाच्या वळणावरच त्यास नडतें.

दुरुस्तीनंतर थंड इंजिन सुरू करून पुन्हां कान द्यावा. पहिली घाटफेरी झाल्यावर इंजिन रात्रभर निवूं द्यावें व सकाळीं नटांचा जोर टॉर्क पान्यानें पुन्हां तपासावा. नवें गॅस्केट पहिल्या तापण्यानें थोडें दबतें व एखादा नट पाव फेरा मागतो.