पर्यावरणाचा घरगुती हिशेब

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील डोणगावात, किंवा बुलढाणा जिल्ह्यातील तशाच एखाद्या मोठ्या गावात, पन्नास-साठ वर्षांपूर्वी संसार करणाऱ्या गृहस्थाच्या घरातून टाकून देण्याजोगे असे आठवड्याकाठी कितीसे निघत असे, याचा विचार केला तर उत्तर जवळजवळ शून्य येते. भाजीची देठे गोठ्यात जात, चुलीतली राख भांडी घासायला आणि उरलेली परसात, जुने लुगडे वाकळेत आणि वाकळ विरली की तिचे पोतेरे. केरकचरा, शेण आणि गुरांच्या पायाखालचे ओले गवत उकिरड्यावर, आणि उकिरडा मृगाच्या आधी बैलगाडीने वावरात. या गृहस्थाचे गुणगान करण्याचा मोह आज अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. त्याची काटकसर कोणत्याही तत्त्वचिंतनातून आलेली नव्हती. वस्तू दुर्मिळ होत्या, रोकड त्याहून दुर्मिळ होती, आणि ज्या दिवशी ही टंचाई हटली त्या दिवशी तिच्या आश्रयाने राहणाऱ्या सवयीही बिनबोभाट निघून गेल्या. तेव्हा 'पूर्वीसारखे वागा' या उपदेशात फारसा अर्थ नाही. निसर्गास कमीत कमी उपद्रव देऊन राहण्याची ज्यास इच्छा आहे त्यास आज ते निश्चयाने आणि हिशेबाने करावे लागेल. आणि हिशेबाची पहिली रीत अशी की मोठ्या रकमा आधी पाहाव्यात, चिल्लर मागाहून.

वऱ्हाडच्या या भागात सर्वांत मोठी रक्कम घर आणि शेत यांच्यामधल्या तुटलेल्या साखळीत अडकली आहे. ज्वारी हे येथले मुख्य अन्न होते तोवर कणसाबरोबर कडबा येई, कडब्यावर गुरे पोसत, गुरांच्या शेणाने उकिरडा भरे आणि उकिरड्याने जमीन. १९८० नंतरच्या दोन दशकांत सोयाबीन आले आणि पाहता पाहता त्याने ज्वारीची व कपाशीचीही जागा घेतली. शंभर-सव्वाशे दिवसांत निघणारे, दिवाळीच्या तोंडावर हाती पैसा देणारे आणि मागाहून हरभऱ्यास शेत मोकळे करून देणारे हे पीक शेतकऱ्याने पत्करले, यात त्याची चूक काढण्यासारखे काहीही नाही. तो व्यवहाराने शहाणाच सौदा होता. मात्र त्या सौद्यात कडबा गेला, कडब्यामागोमाग गुरे घटली, शेण घटले, आणि खताची जबाबदारी पोत्यातून येणाऱ्या युरिया-डीएपीवर पडली. मळणीयंत्राने धुऱ्यावर फेकलेल्या कुटाराच्या गंजीस, घरी गुरे असली तर गिऱ्हाईक मिळते, नसली तर पुष्कळदा काडीच लावली जाते. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या पूर्वी सरपणासाठी घरी येत. घरोघर गॅसची शेगडी आल्यावर त्यांचेही तेच भवितव्य ठरू लागले.

कुटार जळते तेव्हा नुसता धूर होत नाही. त्यातील सेंद्रिय कर्ब, नत्र आणि बराचसा गंधक हवेत निघून जातो. मागे राखेत थोडे पालाश व चुना उरतो, आणि जेथे जाळ झाला तेथील मातीच्या वरच्या थरातील जिवाणूंचा संहार होतो. म्हणजे शेतकरी एका हाताने जे जाळतो तेच दुसऱ्या हाताने कृषी सेवा केंद्रातून उधारीवर विकत आणतो. ही गोष्ट त्यास ठाऊक नसते असे समजणे उद्धटपणाचे होईल. अडचण अशी की खत करावयाचे तर शेण पाहिजे, आणि शेण तर गुरांबरोबर गेले.

या अडचणीवरचा तोडगा वऱ्हाडातच निघालेला आहे, आणि त्याचे नाव आज कृषी खात्याच्या पुस्तिकांतून देशभर गेले असले तरी त्याचा जनक यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचा होता, हे पुष्कळांस माहीत नसते. नारायण देवराव पांढरीपांडे यांनी अनेक वर्षे प्रयोग करून जी पद्धत बसवली ती त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. त्यांच्याही आधी, १९३१ साली, इंदूर येथील संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला होता आणि 'इंदूर पद्धती'चा बोलबाला जगभर झाला होता. परंतु तीत कुजणारा ढीग वारंवार वरखाली करावा लागे, आणि मजुरीचा तो खर्च लहान खातेदारास जड जाई. नाडेपमध्ये ती यातायात नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधावयाचे, भिंतींत हवा खेळण्यासाठी ओळीने भोके ठेवावयाची, आणि तळाला व बाजूंना शेणपाणी शिंपडून थर द्यावयास लागावयाचे: सहा इंच काडीकचरा, त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून, त्यावर चाळलेली माती पन्नास-साठ किलो, पुन्हा काडीकचरा, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती. असे करीत टाके भिंतीच्या वर झोपडीच्या आकाराने फुगेपर्यंत भरावयाचे आणि माथा शेणमातीने लिंपून टाकावयाचा. भरणी दोन दिवसांच्या आत उरकावी लागते, नाहीतर थर एकसारखे कुजत नाहीत. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा वरून आणखी भर घालून पुन्हा लिंपावे लागते, आणि लेपास भेग पडली की ती त्याच दिवशी बुजवावी लागते, कारण भेगेतून ओल निघून गेली की कुजण्याचे काम थांबते.

साऱ्या टाक्यास चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा, सतरा-साडेसतरा क्विंटल माती आणि शेण अवघे एक क्विंटल लागते. एक क्विंटल! दावणीस एकच गाय असलेल्या घरातही हे महिनाभरात सहज जमते, आणि ज्याच्याकडे तीही नाही त्यास शेजाऱ्याकडून मागून आणता येते. तीन-चार महिन्यांनी त्यातून सुमारे तीन टन खत निघते. ते काळसर, भुसभुशीत आणि दुर्गंधीरहित असावे, आणि मूठ वळली तर ओल जाणवावी पण पाणी गळू नये. कचऱ्यात पॉलिथिनचा एखादा तुकडा जरी राहिला तरी तो तीन महिन्यांनी जसाच्या तसा हाती लागतो. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी हेच तत्त्व भोके पाडलेल्या एखाद्या जुन्या पिंपातही चालते. ओल्या खरकट्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट सुका पाला आणि मूठभर माती पडली पाहिजे, एवढेच पथ्य. स्वयंपाकघरातला ओला कचरा गावाबाहेरच्या ढिगात हवेवाचून दबून राहिला तर त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने मोजले असता त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक भरते. म्हणजे परसातले ते पिंप दिसते त्यापेक्षा पुष्कळ मोठे काम करते.

पाण्याचा हिशेब याहून सोपा, आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरचे टिनाचे छप्पर आणि वर्षाचा सातशे मिलीमीटर पाऊस धरला, तर त्या एका छपरावर ३५ हजार लिटर पाणी उतरते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २८ हजार, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या जवळजवळ तीन खेपा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराच्याच वळचणीवरून पावसाळ्यात हे पाणी रस्त्यावर वाहून जाते. पन्हाळ लावून, पहिल्या एकदोन सरींचे पाणी बाहेर सोडून आणि उरलेले रेती-खडीच्या गाळणखड्ड्यातून विहिरीत किंवा बोअरच्या भोवती मुरवून हे पाणी घरच्या नावावर जमा करता येते. मात्र गाळणीवाचून ते थेट बोअरमध्ये सोडणे म्हणजे छपरावरची घाण पिण्याच्या पाण्यात घालणे होय.

न्हाणीतून निघणाऱ्या सांडपाण्याचीही तीच गोष्ट. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी म्हणून गाव आहे. तेथे घरोघर शोषखड्डे घेतल्याने उघडी गटारे नाहीशी झाली आणि गटारांबरोबर डासही. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, एवढाच तो खटाटोप. आपल्याकडच्या काळ्या, चिकण जमिनीत मात्र चार फुटांवर थांबून भागत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खोदले नाही तर खड्डा एका पावसाळ्यात तुंबतो, आणि मग 'शोषखड्डा काही कामाचा नाही' असा निकाल गावात लागतो. तो निकाल जमिनीचा असतो, खड्ड्याचा नव्हे.

इंधनाविषयी थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. चुलीकडे परत जा असे सुचविणारी माणसे बहुधा चुलीपाशी बसणारी नसतात. बाईच्या छातीत जाणारा धूर हा कोणत्याही पर्यावरणाचा मित्र असू शकत नाही. गॅसवरच तूरडाळ तासभर आधी भिजत घातली, भांड्यावर झाकण ठेवले आणि उकळी फुटल्यावर आच मंद केली तर सिलिंडर जास्त दिवस पुरते, हे प्रत्येक सुगरणीस माहीत असते, केवळ घाईत राहून जाते. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्यास नऊ युनिट खातो, तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी सव्वा ते दीड. आणि आपली बहुतेक वीज अजूनही कोळशावरच निघते. मोटारसायकल पंचवीस किलोमीटर फिरली की सुमारे अर्धा लिटर पेट्रोल जळते आणि त्यातून किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. तालुक्याच्या कामास दोघे-तिघे निघाले असतील तर एसटीने जाणे, हे काही अपमानास्पद नाही.

प्लॅस्टिकच्या बाबतीत कायद्याने आपले काम केलेले आहे. राज्य शासनाची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, केंद्राची एकदाच वापरावयाच्या वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासूनची. पातळ पिशवी तरीही भाजीवाल्याकडे असते, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते; आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते, कारण कापडी पिशवी घरात खुंटीवर असते आणि बाजाराची आठवण रस्त्यात होते. पिशवीची जागा मोटारसायकलच्या डिकीत किंवा सायकलच्या हँडलला एकदा ठरली की हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. सवय म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ती बऱ्याच वेळा वस्तू योग्य ठिकाणी ठेवण्याची व्यवस्थाच असते. स्वच्छतेचेही तसेच. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाने राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान चालले. परीक्षण समिती यावयाच्या आदल्या दिवशी झाडलेला रस्ता आणि रोज सकाळी झाडला जाणारा रस्ता यांतला फरक बाबांना सांगावा लागला नसता.

उरला प्रश्न पंगतीचा, आणि तो या भागात लहान नाही. लग्न, तेरवी, भंडारा मिळून एका गावात वर्षभरात किती पाने उठतात याची गणती नसते. थर्माकोलची ताटे गेली, त्यांची जागा आतून चकचकीत अस्तर लावलेल्या कागदी ताटल्यांनी घेतली. हे अस्तर प्लॅस्टिकचे असते, त्यामुळे ती ताटली धड कुजतही नाही आणि रद्दीतही जात नाही. त्यापेक्षा बिछायत केंद्रातून स्टीलची ताटे भाड्याने आणणे केव्हाही सरस, असे सरसकट सांगितले जाते, आणि पौष-माघात ते खरेही आहे. परंतु लग्नसराई वैशाखात असते. हजार ताटे घासावयास दर ताटी दोन लिटर धरले तरी दोन हजार लिटर पाणी लागणार, आणि विहिरींनी तळ गाठलेला असताना ते कोणत्या आडातून उपसावयाचे? उलट पळसाला नवी पाने फुटतात ती याच सुमारास. हिरव्या पानांच्या, काडीने टोचलेल्या पत्रावळी वैशाखात आणि स्टीलची ताटे हिवाळ्यात, असा ऋतूवार बंदोबस्त गावाने स्वतःशी ठरवावा. पत्रावळींचा ढीग गुरांपुढे किंवा नाडेपच्या टाक्यात जातो, आणि पळसाची पाने तोडून पत्रावळ लावणाऱ्या बायाबापड्यांना दोन पैसे मिळतात. ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या भजनी मंडळाने ताटांचा एक संच विकत घेऊन ठेवला तर भाड्याचाही प्रश्न सुटेल. मात्र त्याआधी ताटे मोजून देणारा आणि मोजून परत घेणारा एक खमक्या माणूस नेमावा लागेल. तसा नेमला नाही तर पहिल्याच दोन लग्नांत वाट्या निम्म्यावर येतात.