संत्र्याची साल आणि बीअरचा सुगंध

मार्गशीर्ष लागला की नागपूरकडून येणाऱ्या संत्र्यांनी भिलाई आणि दुर्ग येथील बाजार भरून जातात. नागपूर-हावडा लोहमार्गाने हे अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडेसेच अधिक आहे. मराठी घरांत फळ खाऊन झाल्यावर साल टाकून न देता ती वाळवून उटण्यासाठी ठेवण्याची रीत जुनी आहे. हीच साल युरोपातील काही प्रदेशांत दीर्घकाळ बीअरमध्ये घातली जात आली आहे, आणि घरच्या घरी बीअर बनविणारे हौशी लोक आज जगभर तिचा उपयोग करतात. नागपुरी संत्र्याची साल त्या कामी येईल काय? ती ताजी असावी की वाळलेली? वरवर पाहता हा प्रश्न पाकशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर रसायनशास्त्रातच शोधावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगावयास हवी. छत्तीसगढमध्ये परवान्यावाचून घरी मद्य बनविणे हा अबकारी कायद्याखाली गुन्हा आहे. १९१५ सालापासून चालत आलेल्या त्या कायद्याखाली आदिवासी समाजांस स्वतःच्या वापरापुरती मर्यादित सवलत तेवढी आहे. तेव्हा पुढील विवेचन ही कृती नव्हे. सालीचा अभ्यास मात्र कोणासही करता येईल, आणि शेवटी दिलेल्या प्रयोगांस मद्याची गरज नाही.

संत्र्याची साल आडवी कापून भिंगाखाली धरावी. बाहेरच्या नारिंगी थरात बारीक बारीक कोश दिसतात. सुगंधी तेल असते ते यांत. आतला थर पांढरा, मऊ आणि तेलहीन असतो. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ ताजी साल दुमडून दाबली असता ठिणग्या उडतात, त्या याच तेलाच्या. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या हायड्रोकार्बनचा असतो. मौज अशी की, ज्याला आपण ‘संत्र्याचा वास’ म्हणतो तो बव्हंशी या लिमोनीनचा नसून, त्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेल्या ऑक्टानाल, डेकानाल यांसारख्या आल्डिहाइडांचा असतो.

सालीच्या बीअरचे माहेर बेल्जियम होय. तेथील हूगार्डन या गावी मोड आणलेले सातू आणि कच्चा गहू यांपासून एक धुरकट पांढरी बीअर बनविली जात असे. तिच्यात धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल घालीत. १९५० नंतरच्या दशकात गावातील शेवटचा कारखाना बंद पडला आणि ही बीअर नामशेष झाल्यासारखीच झाली. पुढे १९६६ साली पियर सेलिस या दूधविक्याने तरुणपणी पाहिलेली रीत आठवून ती पुन्हा सुरू केली. आज जगभर गव्हाच्या बीअरमध्ये साल आणि धने घातले जातात, ते या पुनरुज्जीवनामुळे.

त्या पाककृतींत ‘कुरासाव’ असा शब्द आढळतो. कॅरिबियन समुद्रातील या बेटावर स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात संत्र्याची झाडे नेली. रुक्ष जमिनीत फळ कडू आणि अखाद्य निपजले, पण साल विलक्षण सुगंधी निघाली. येथेच आपल्या प्रश्नाची पहिली गाठ आहे. पाककृतीतील ‘संत्रे’ आणि बाजारातील संत्रे ही दोन वेगळी फळे आहेत. बीअरवाल्यांचे कडू संत्रे ही लिंबूवर्गातील एक जात. आपले नागपुरी संत्रे मँडरिन या दुसऱ्या जातीचे. त्याची साल सैल, पातळ आणि सहज सुटणारी. जालन्याकडची मोसंबी तिसऱ्या, म्हणजे गोड संत्र्याच्या जातीची. तिची साल घट्ट असते.

या जातींच्या सालींतील भेद केवळ वासाचा नाही. नागपुरी संत्रे आणि मोसंबी यांच्या सालीत हेस्पेरिडिन नावाचे द्रव्य असते. १८२८ साली ते प्रथम वेगळे काढण्यात आले. त्याला म्हणण्यासारखी चव नाही. कडू संत्र्याच्या सालीत त्याचेच भावंड निओहेस्पेरिडिन असते, आणि ते चांगलेच कडू आहे. दोहोंचे घटक अगदी तेच: तोच गाभा, त्याला जोडलेल्या त्याच दोन शर्करा. त्या दोन शर्करा एकमेकींना कोणत्या ठिकाणी जोडल्या आहेत, एवढाच फरक! जोडणीची एक जागा बदलते आणि बेचव पदार्थ कडू होतो. १९६३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी या कडू द्रव्याच्या रेणूत किंचित बदल घडवून आणला, तो साखरेच्या हजारपटींहून अधिक गोड पदार्थ तयार झाला. निसर्गाची ही थट्टा प्रस्तुत लेखकास सर्व संत्रापुराणात सर्वांत मनोवेधक वाटते.

तेव्हा नागपुरी सालीकडून कुरासावचा कडवटपणा मिळावयाचा नाही. पांढऱ्या थरात लिमोनिन म्हणून आणखी एक कडू द्रव्य थोडेफार असते (नावाचे साम्य असले तरी ते तेलातल्या लिमोनीनहून निराळे), पण त्याची चव बीअरमध्ये कोणी मुद्दाम मागत नाही. म्हणून ताजी साल वापरणारे नारिंगी थर तेवढाच किसून घेतात. नागपुरी संत्रे सोलल्यावर ते जमत नाही, साल लवते. फळ अखंड असतानाच किसावे लागते, आणि त्याआधी ते गरम पाण्याने चोळून धुवावे लागते, कारण बाजारातील फळांवर कधी मेण असते, कधी फवाऱ्याचा अंश.

आता सुगंध टिकविण्याचा प्रश्न. लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सियसला उकळते. मग शंभर अंशांवर उकळणाऱ्या काढ्यातून ते उडून का जाते? पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकाच्या वाफेचा दाब स्वतंत्र असतो, आणि दोहोंची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. त्यामुळे शंभर अंशांच्या थोडे आधीच पाण्याच्या वाफेबरोबर तेलही निघून जाऊ लागते. भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील वाचकांस हे तत्त्व परके वाटू नये. कोळशापासून कोक करताना निघणाऱ्या वायूतील बेंझॉल जड तेलात शोषून घेतात आणि मग त्या तेलात वाफ सोडून ते पुन्हा वेगळे काढतात; तेथेही वाफच वाहकाचे काम करते. तासभर उकळलेल्या सालीचा सुगंध म्हणूनच भांड्यात न राहता स्वयंपाकघरात दरवळतो. बीअर बनविणारे साल उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालतात. वीस लिटरांस सुमारे वीस-तीस ग्रॅम वाळलेली साल, किंवा दोन-तीन फळांचा ताजा कीस.

कित्येक जण तर आंबविण्याची क्रिया संपल्यावर साल घालतात. तेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; मद्यार्कात विरघळते. दुसरे कारण असे की, हे तेल किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, शत्रू आहे. दोन-तीन फळांच्या किसाने वीस लिटरांतील किण्व मरत नाही हे खरे. परंतु रसाच्या कारखान्यांतील सालीच्या ढिगांपासून मद्यार्क करू पाहणाऱ्यांस हे तेल आधी काढून टाकावे लागते, नाहीतर काम अडते.

वाळलेली साल ताज्या सालीची दुर्बळ नक्कल नव्हे. उन्हात आणि वाऱ्यात पुष्कळसे तेल उडते, उरलेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते. वास कमी टवटवीत, अधिक गंभीर आणि मसाल्यासारखा होतो. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात मँडरिनचीच साल वाळवून वर्षानुवर्षे मुरवितात आणि जुन्या सालीस अधिक भाव येतो. पण बंदोबस्त नसेल तर हाच ऑक्सिजन सालीला टर्पेंटाइनचा वास आणतो. साल सावलीत कडकडीत वाळवून, तुकडे मोठेच ठेवून, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवावी आणि वापराच्या वेळीच कुटावी.

शाळेत हे सारे साध्या पाण्यावर पाहता येते. एकाच संत्र्याच्या सालीचे तीन सारखे भाग करावेत. पहिला भाग अर्धा तास उकळावा, दुसरा उकळत्या पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवावा, तिसरा आठवडाभर सावलीत वाळवून मग दुसऱ्याप्रमाणेच करावा. पाणी तिन्ही वेळा सारखेच घ्यावे आणि पहिल्या भांड्यातील आटेल तेवढे पुन्हा भरावे. पहिली दोन पाणी गाळून, झाकून, थंड जागी ठेवावीत. मग ज्याला क्रम ठाऊक नाही अशा विद्यार्थ्याकडून तिन्हींचा वास आणि चव लिहवून घ्यावी. पुढच्या खेपेस तीच परीक्षा मोसंबीच्या सालीवर करून दोन्ही टिपणे शेजारी शेजारी ठेवावीत.