सेल्फ का अडखळतो?

पाठपरिचय

नित्याच्या वापरातील एखादे यंत्र बिघडले, की 'अमुक भाग बदला' या सल्ल्याला आपण चटकन मान डोलावतो. बिघाडाचे मूळ कारण क्रमाक्रमाने कसे शोधावे, हे प्रस्तुत पाठात एका जुन्या मोटारीच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे. वाचताना लेखातील तर्काच्या साखळीकडे विशेष लक्ष द्या.

पाठ

बंगळूरच्या जयनगरात झाडांच्या सावलीत उभ्या असलेल्या मोटारींमध्ये अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी दृष्टीस पडते. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात ही मोटार तयार होत असे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घरोघरी जिव्हाळ्याने जपलेल्या काही गाड्या मात्र अद्याप धावत आहेत.

आमच्या शेजारच्या सेवानिवृत्त काकांकडे अशीच एक पद्मिनी आहे. एके सकाळी काकूंना तपासणीसाठी रुग्णालयात न्यायचे होते. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हल्यासारखे घरघरले आणि गप्प झाले. त्या दिवशी रिक्षाने वेळ निभावली. पण 'नवा सेल्फ बसवावा लागेल' हा गॅरेजमधला निर्णय ऐकून काका चिंतेत पडले. निवृत्तिवेतनातील मोठा वाटा त्यात जाणार होता. "काका, एक दिवस थांबू या," मी म्हटले, "आधी कारण शोधू."

'सेल्फ' म्हणजे स्टार्टर मोटर. पूर्वी मोटार सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. हँडल उलट फिरले, तर हात मोडण्याचा धोका असे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला आणि हे कष्ट सरले. किल्ली फिरवताच लहानसा विद्युतप्रवाह सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो : स्टार्टरचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात अडकवतो आणि बॅटरीचा जोरकस प्रवाह मोटरीकडे सोडतो. हा प्रवाह शंभर-दीडशे अँपिअर इतका असू शकतो. मोटारीतील अन्य कोणत्याही उपकरणाला एवढा प्रवाह लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. साऱ्या शोधाची किल्ली तिच्यातच आहे.

पहिली पायरी ऐकण्याची. किल्ली फिरवल्यावर 'टकटकटक' असा जलद आवाज आला, तर बहुधा बॅटरी अशक्त असते. एकच 'टक्' होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा मोटरीतील कार्बन ब्रश यांवर संशय घ्यावा. मोटर जोराने फिरते पण इंजिन हलत नाही, अशा वेळी दातेरी चाक नीट अडकत नाही असे समजावे.

दुसरी पायरी पाहण्याची. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदी मंदावले, तर बॅटरी दुर्बल आहे किंवा मोटर अडकून जादा प्रवाह ओढत आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि मोटर हललीच नाही, तर प्रवाह तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिसरी पायरी मोजण्याची. त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. मोजमापापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, हातातील अंगठी व धातूचे घड्याळ काढावे आणि बॅटरीजवळ ज्योत आणू नये. कारण बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ फिरवू नये.

विश्रांती घेतलेली, पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना हा आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. काकांच्या बॅटरीने विश्रांतीत १२.५ आणि सेल्फ फिरताना १०.८ व्होल्ट दाखवले. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. मग शक्ती वाटेत कोठे हरवत होती?

आम्ही वाटेतील प्रत्येक टप्पा मोजला. बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरपर्यंत ०.३ व्होल्ट खर्च होत होते. हे क्षम्य होते. ऋण टोकापासून स्टार्टरच्या अंगापर्यंत मात्र १.६ व्होल्ट खर्च होत होते; ते ०.२ च्या आसपास असावयास हवे. मोटरीच्या वाट्याला उरत होते केवळ ८.९ व्होल्ट.

दोष होता अर्थच्या पट्टीत. इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी ही पट्टी अनेक पावसाळ्यांच्या ओलाव्याने गंजली होती. मग हॉर्न आणि दिवे ठीक कसे चालत होते? गणित करून पाहू. गंजामुळे केवळ ०.०१ ओहम रोध निर्माण झाला, तर अर्ध्या अँपिअरच्या लहान दिव्यासाठी ०.००५ व्होल्टच वाया जातात. ते जाणवतही नाहीत. पण दीडशे अँपिअर घेणाऱ्या सेल्फसाठी त्याच ठिकाणी दीड व्होल्ट नष्ट होतात. किरकोळ कामात न दिसणारा दोष मोठ्या कामाच्या वेळी उघडा पडतो, तो असा.

पट्टी काढली, दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली आणि घट्ट आवळली. कॉइलची वायर पुन्हा जोडून काकांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. काकू दारातून पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरील निश्चिंतता हेच आमचे पारिश्रमिक होते.

याचा अर्थ सेल्फ कधी बिघडतच नाही, असा नव्हे. पुरेसा विद्युतदाब पोहोचूनही मोटर रेंगाळत असेल, तर झिजलेले ब्रश, काजळलेला कम्युटेटर किंवा सैल झालेले बुश यांचा दोष असू शकतो. मोटरीवर हलकेच टकटक केल्यावर ती तात्पुरती चालू लागली, तर ब्रश संपत आल्याची ती खूण होय. अशा वेळी दुरुस्ती अटळ असते. परंतु तो निष्कर्ष शेवटी काढावयाचा असतो, आरंभी नव्हे. कुशल कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी ऐकतो, पाहतो आणि मोजतो. हा क्रम केवळ मोटारीपुरता मर्यादित नाही, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नकोच.

विचार करा

१. दिवे व हॉर्न व्यवस्थित चालत असूनही सेल्फ का अडखळत होता?

२. 'तो निष्कर्ष शेवटी काढावयाचा असतो, आरंभी नव्हे' या विधानाचा अर्थ तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.