दोनदा आलेला दहावा वाढदिवस

बालमित्रांनो, तुमचा वाढदिवस वर्षातून किती वेळा येतो? एकदाच ना? (घरात तारखेनं आणि तिथीनं, असा दोन्हींनी साजरा होत असेल तर तुम्ही नशीबवान!) माझ्या भाचीचा दहावा वाढदिवस मात्र २०२४ साली लागोपाठ दोन दिवस आला, आणि दोन्ही दिवशी तारीख एकच होती - १० जुलै. जादू नाही, थाप नाही. उलट माझ्या पहिल्या बेताप्रमाणे सगळं झालं असतं, तर तो अर्धामुर्धाच आला असता, आणि तोही विमानाच्या खुर्चीत पट्टा बांधून.

त्याचं असं झालं. माझी ताई न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला राहते. जुलैत तिकडे हिवाळा असतो आणि शाळांना दोन आठवडे सुट्टी मिळते. इकडे पुण्याच्या घरी, स्वयंपाकघरात, आईनं एका जुन्या कॅलेंडरचं पान कित्येक वर्षं भिंतीवर ठेवलं होतं. महिना संपला, वर्ष संपलं, पान तसंच. त्यावर एका बेटाचं चित्र. मध्ये उभा हिरवा-काळा कडा, भोवती निळंशार पाणी आणि त्याच्याही भोवती फेसाळ लाटांचं पांढरं कडं. पोळ्या लाटता लाटता आई त्याच्याकडे बघायची. ते बेट म्हणजे प्रशांत महासागरातलं बोरा बोरा. आई आता सत्तर वर्षांची आहे. "ती हिंडती-फिरती आहे तोवर तिला ते खरंखुरं दाखवू," असं ताई एकदा फोनवर म्हणाली आणि सगळ्या प्रवासाची आखणी माझ्या गळ्यात पडली. घरातली रेल्वेची आरक्षणं मीच करते, तेव्हा विमानाचं काय मोठंसं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं!

आता जरा जगाचा नकाशा काढा. मुंबईहून सिंगापूर, विमानानं साधारण साडेपाच तास. सिंगापूरहून ऑकलंड, आणखी दहा तास. ऑकलंडहून पूर्वेला पाच तास उडालं की ताहिती बेटावरचं पापेएटे हे शहर येतं. ही फ्रेंच पॉलिनेशियाची राजधानी. तिथून वायव्येला सुमारे २६० किलोमीटरवर बोरा बोरा. छोट्या विमानानं पाऊण-एक तास. पण विमान उतरलं म्हणजे आपण बेटावर पोचलो, असं मुळीच नाही. बोरा बोरा हा एका जुन्या ज्वालामुखीचा उरलेला डोंगर आहे. त्याचं ओतेमानू हे शिखर ७२७ मीटर उंच. सपाट जमीन जेमतेम किनाऱ्यापुरती. मग धावपट्टी कुठं करणार? दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकन सैनिकांनी ती भोवतालच्या प्रवाळाच्या कड्यावरच्या एका चपट्या बेटावर बांधली. तोच विमानतळ आजही आहे. त्यामुळे कितीही बडा पाहुणा असो, विमानतळाच्या दारातून तो थेट होडीतच बसतो. थोडक्यात, पुण्याहून निघालेल्या आईला चार विमानं आणि एक होडी बदलायची होती.

मी वहीत बेत लिहिला. ६ जुलैला ऑकलंडहून निघायचं. बेटावर राहायचं. १० जुलैला सकाळी ८ वाजता पापेएटेहून परतीचं विमान. उड्डाण सहा तासांचं, म्हणजे तिथल्या घड्याळात दुपारचे २. ऑकलंडचं घड्याळ ताहितीच्या दोन तास मागं, म्हणजे ऑकलंडला उतरताना दुपारचे १२. संध्याकाळी ५ वाजता घरी वाढदिवसाची पार्टी! भाचीनं मैत्रिणींसाठी पत्रिकासुद्धा रंगवायला घेतल्या. तिकिटं काढायची तेवढी बाकी होती.

दोन दिवसांनी तिचाच फोन. फोनच्या पडद्यावर तिच्या हातात पृथ्वीगोल दिसत होता.

"मावशी, आपण बारालाच उतरू गं. पण अकरा तारखेच्या!"

मी म्हटलं, "काहीतरीच काय! सहा तासांच्या प्रवासाला अख्खा दिवस कसा जाईल?"

"दिवस जाणार नाही, तारीख जाईल. मध्ये वाररेषा आहे. आणि पार्टीला सगळ्या येतील, मी सोडून!"

मी वही बघितली आणि कपाळाला हात लावला. ताहितीचं घड्याळ ऑकलंडच्या दोन तास पुढं नाहीच. ते जुलैत तब्बल बावीस तास मागं असतं! काटे दोन तासांचाच फरक दाखवतात, पण काट्यांवर तारीख कुठं लिहिलेली असते?

ही वाररेषा तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिली असेल. साधारण १८० अंश रेखावृत्ताच्या आसपास, प्रशांत महासागरातून वाकडीतिकडी जाणारी. परीक्षेत तिच्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि आपण पाठ केलेलं उत्तर लिहितो. पण ती का लागते, हे आता नीट बघू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. आपण पूर्वेला जाऊ तसं दर १५ अंशांना घड्याळ एक तास पुढं करत जायचं. असं करत सगळी पृथ्वी फिरून घरी आलात, तर तुमचं घड्याळ २४ तास पुढं गेलेलं असेल. घरचे म्हणतील आज सोमवार, तुम्ही म्हणाल मंगळवार! हा जमा झालेला जादा दिवस कुठंतरी परत करावा लागतो. तो जिथं परत करायचा, ती ही रेषा. पूर्वेला जाताना ओलांडली की तारीख एकनं कमी, पश्चिमेला जाताना ओलांडली की एकनं जास्त.

या रेषेविना काय घोळ होतो, ते सर्वांत आधी मॅगेलनच्या मोहिमेतल्या खलाशांना कळलं. १५१९ साली स्पेनहून पाच जहाजं पश्चिमेच्या वाटेनं निघाली. मॅगेलन स्वतः १५२१ मध्ये फिलिपाइन्सच्या लढाईत मारला गेला. 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून परत येत होतं. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर अन्नासाठी थांबल्यावर खलाशांनी सहज वार विचारला. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गुरुवार. पिगाफेत्ता नावाचा इटालियन प्रवासी रोजची नोंद न चुकता ठेवत होता. त्याच्या वहीत मात्र बुधवार, ९ जुलै १५२२! एकही दिवस न विसरता एक दिवस हरवला होता. म्हणजे किनाऱ्यावर त्या दिवशी कोणती तारीख होती? १० जुलै! भाचीला हे सांगितलं, तर तिनं ते लगेच तिच्या खोलीच्या दारावर लिहून लावलं.

अशीच एक गंमत अलीकडची. व्यापाराच्या सोयीसाठी सामोआ देशानं आपली जागा वाररेषेच्या पलीकडे न्यायची ठरवली. त्यासाठी त्यांनी २०११ सालच्या डिसेंबरची ३० तारीख कॅलेंडरातून चक्क वगळली. २९ नंतर एकदम ३१. त्या वर्षी ३० डिसेंबरला जन्मलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा!

आता आमचा नवा बेत. भाचीचं म्हणणं असं की, परत येताना वाढदिवस कापला जातो, तर जाताना तो वाढेल. म्हणजे १० तारखेलाच निघायचं. दुपारी ४ ला ऑकलंडहून उड्डाण, पाच तासांचा प्रवास, उतरताना ताहितीत ९ जुलैचे रात्रीचे ११. एका तासानं मध्यरात्र, की पुन्हा १० जुलै, पूर्ण चोवीस तासांचा! दोन्ही बेतांतला हिशेब तुम्ही करून बघा. जुन्या बेतात पापेएटेहून निघाल्यावर साधारण पाच तासांनी वाररेषा लागली असती, म्हणजे वाढदिवस तेरा तासांचा. नव्या बेतात ऑकलंडहून निघाल्यावर पाऊण तासातच ती लागते. मग वाढदिवस किती तासांचा? (उत्तर: पावणेएक्केचाळीस.)

तिकिटं काढायला गेले तेव्हा प्रवासी कंपनीतल्या बाईंनी दोनदा चष्मा पुसला. "हॉटेल ९ तारखेपासून आणि विमान १० तारखेचं? आधी पोचणार आणि मग निघणार?" हसण्यावारी नेऊ नका. पापेएटेची खोली मी १० तारखेची घेतली असती, तर आई, ताई, भावजी आणि आम्ही दोघी रात्री अकरा वाजता रस्त्यावर उभे राहिलो असतो.

एक गोष्ट मी या सगळ्यात शिकले. असा प्रवास घरापासून आखायचा नाही, शेवटच्या होडीपासून उलटा आखत यायचा. मोठी विमानं मध्यरात्रीही येतात-जातात. पण बेटावरची छोटी विमानं आणि होड्या दिवसाउजेडी चालतात. रात्री अकराला पोचलो तर ती रात्र पापेएटेत काढणं भाग आहे. परतीचं विमान सकाळी आठचं, तेव्हा त्या दिवशी सकाळी बोरा बोराहून येऊन ते पकडता येत नाही. म्हणजे आदल्या दिवशीच पापेएटेला यायला हवं. सहा दिवसांच्या सुट्टीतल्या दोन रात्री अशा गेल्या. हे आधी ठाऊक असलं की चिडचिड होत नाही आणि बेटावरची खोली उगाच जादा दिवस घेतली जात नाही. त्या खोल्यांची भाडी! पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या घरांचा भाव ऐकून भावजींनी फोन दुसऱ्या कानाला लावून पुन्हा विचारला. आम्ही बागेतल्या खोल्या घेतल्या. समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो.

कागदपत्रांचं पालकांसाठी सांगते. भारतीय पासपोर्टवर या बेटांसाठी फ्रान्सच्या वकिलातीचा वेगळा व्हिसा लागतो. आणि ऑकलंडला आम्ही दोनदा शिरणार होतो, म्हणून न्यूझीलंडचा व्हिसाही एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. हे दुसरं मला अगदी शेवटी सुचलं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. मोठी बॅग चुकली तरी गोळी चुकायला नको. विमानात आई दर दोन तासांनी उठून फेरी मारायची. तिसऱ्या फेरीला शेजारच्या आजोबांनाही तिनं उठवलं!

ऑकलंडच्या विमानतळावर मात्र आमची परीक्षा होती. बाहेरून कीड किंवा रोग येऊ नये म्हणून न्यूझीलंडमध्ये खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक नियम आहेत. बरोबर काय आहे ते जाहीर करायचं. लपवलंत तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. आईनं सगळं लिहिलं, मेतकूटसुद्धा. अधिकाऱ्यानं पुडी उलटीपालटी करून मेतकूट परत दिलं. ताज्या कढीलिंबाच्या डहाळ्या मात्र काढून घेतल्या. "ताईच्या कढीसाठी आणला होता," आई त्याला मराठीत म्हणाली. तो हसला, पण कढीलिंब गेला तो गेलाच.

आठवडाभर ऑकलंडला राहून आईची झोप रुळावर आली. जुलैत तिथलं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढं असतं. पहिले दोन-तीन दिवस ती भर दुपारी पेंगायची आणि रात्री दोनला चहा टाकायची. लगोलग पुढं निघालो असतो, तर बोरा बोरा तिनं झोपेतच पाहिलं असतं.

१० जुलैला सकाळी ऑकलंडच्या घरी औक्षण झालं, शिरा झाला, मैत्रिणी आल्या, केक कापला. संध्याकाळी विमानात पाऊण तासानं भाचीनं घड्याळ बघून जाहीर केलं, "आजी, मी पुन्हा नऊ वर्षांची झाले!" पापेएटेला सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगांची वाट बघत असताना बारा वाजले आणि आम्ही पाचजणांनी तिथंच टाळ्या वाजवून तिला दुसऱ्यांदा दहा वर्षांची केली. सकाळी छोट्या विमानात आईला डावीकडची खिडकी दिली होती. उतरताना तिकडूनच बेट दिसतं. कडा दिसला, निळं पाणी दिसलं, पांढरं कडं दिसलं. आई काहीच बोलली नाही. बराच वेळ बघून मग म्हणाली, "कॅलेंडरवाल्यानं रंग जरा फिकेच छापले होते."

परतीचा दिवस १६ जुलै. पापेएटेला आठ वाजता विमान उडालं. आईनं पाव, जॅम, फळं असं पोटभर खाल्लं. साधारण पाच तासांनी भाचीनं घड्याळ लावलं : १७ जुलै, सकाळचे ११. १६ तारीख अर्ध्यावरच संपली. आणि आईच्या एकदम लक्षात आलं की १७ ला आषाढी एकादशी.

"अगं बाई! आणि मी पाव खाल्लाय!"

आम्ही गप्प. भाचीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आजी, भारतात आत्ता किती वाजले असतील? पहाटेचे साडेचार. तू पाव खाल्लास तेव्हा तिकडे दशमीचीच रात्र होती."

आईनं क्षणभर विचार केला आणि समोर आलेला बिस्किटांचा पुडा हातानं मागं सारला. "मग माझा उपास पंढरपूरच्या घड्याळावर. आत्ता सुरू!"